सुर्ला कोणते?

गोमंतकात सुर्ला नावाची तीन गावे आहेत. एक डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यात. दुसरे सत्तरीत, चोर्ला घाटाच्या माथ्यावर, कर्नाटकाच्या सीमेलगत. आणि तिसरे तांबडी सुर्ला, ज्याचे कदंबकालीन काळ्या दगडाचे महादेव मंदिर पाहावयास दूरदूरचे लोक येतात. जुन्या पुस्तकांत हे तिसरे सुर्ला सांगे तालुक्यात सापडते, आजच्या नकाशात धारबांदोडा तालुक्यात. मंदिर मात्र आपल्या जागेवरून तसूभरही हललेले नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, सांप्रत देवळे, मशिदी, तळी, शिलालेख, मूर्ती यांच्या नोंदी संगणकावर चढविण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे. काम स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु या नोंदींच्या तक्त्यात बहुधा 'नाव' या शीर्षकाखाली एकच घर असते. त्यात एकच नाव बसते, तेही पुष्कळदा रोमन लिपीत, आणि तेच नाव त्या वस्तूची ओळख म्हणून पुढे चालते. आमचा आक्षेप आहे तो या एका घरावर. ते वरवर निरुपद्रवी दिसते. पण त्यात दोन निरनिराळी कामे एकाच्या माथी मारलेली आहेत, आणि त्यामुळे दोन्ही बिघडतात.

वस्तू चुकू न देणे हे एक काम. ते क्रमांकाने करावे. वस्तूला माणसांनी काय काय म्हटले हे सांगणे हे दुसरे काम. ते नावांनी करावे. नावाला क्रमांकाचे ओझे दिले की तीन सुर्ल्यांची सरमिसळ होते आणि डिचोलीची मशीद धारबांदोड्याच्या अरण्यात जाऊन बसते. उलट 'नावे गोंधळ माजवितात, क्रमांक पुरे' असे म्हटले की नोंद बिनचूक राहते, पण मुकी होते.

ती मुकी कशी होते ते पाहा. डिचोलीच्या सुर्ल्यात जेथे जुनी मशीद व तळे आहे त्या जागेला सुर्ला तार म्हणतात. तार म्हणजे होडीने नदी उतरण्याची जागा. तारी म्हणजे ती होडी चालविणारा. येथे उतार होता, वर्दळ होती, हे त्या दोन अक्षरांत आहे. गोव्याबाहेरचा नोंदकार 'तार' वाचून विजेच्या खांबाकडे पाहील, आणि घाईत असला तर शब्द गाळूनही टाकील. क्रमांकाची त्यावर काही तक्रार असणार नाही. तो पूर्वीइतकाच अचूक राहील. गेला असेल तो केवळ इतिहास!

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हा पक्ष म्हणतो, नावे ठेवा, पण प्रमाण नाव एकच ठेवा. कोणते ठेवावे? मराठीचा अभिमानी डिचोली म्हणेल, कोंकणीचा दिवचल म्हणेल, आणि कचेरीच्या पाटीवर पोर्तुगीज वळणाचे बिचोलिम राहील. सुर्ला म्हणावे की सुर्ल, यावरही लेखण्या झिजतील. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचा मान दिला आणि शासनव्यवहारात मराठीलाही वाव ठेवला. कायद्याने ज्या दोघींना घरात घेतले, त्यांतील एकीला तक्त्याने बाहेर काढण्याचे प्रयोजन काय?

आणि परकी म्हणून जी रूपे पुसून टाकावी असे काहींना वाटते, त्यांच्याविषयीही आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत. पेडण्याचे पोर्तुगीज लेखन पेर्नेम. आपण त्याला अपभ्रंश म्हणून हसतो. पण शेवटचा तो 'म' म्हणजे मकार नव्हे. अनुनासिकाची ती पोर्तुगीज खूण आहे. कोंकणीत आजही पेडणें असा अनुस्वार आहे. मराठीतही तो लिहिला जात असे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपण असे अनुच्चारित अनुस्वार सोडून दिले. म्हणजे आम्ही जे टाकले ते परक्या लिपिकाच्या कागदावर टिकून राहिले आहे. साक्षीदार परका आहे एवढ्यावरून त्याची साक्ष खोटी ठरत नाही.

हा विचार केवळ आमच्या कल्पनेतला नव्हे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या दस्तऐवज समितीने सांस्कृतिक वारशाच्या नोंदींसाठी जो संकल्पना-आराखडा घडविला आणि ज्याला २००६ साली आय.एस.ओ. २११२७ या मानकाचे रूप मिळाले, त्यात वस्तू आणि तिचे अभिधान ही दोन वेगळी धरलेली आहेत. एका वस्तूस कितीही अभिधाने असू शकतात. ओळखक्रमांक हाही अभिधानाचाच एक प्रकार. मात्र तो कोणत्या तरी संस्थेने ठरवून दिलेला असतो, आणि तो देण्याची क्रियाही नोंदविता येते. कोणी दिला, केव्हा दिला, हे विचारण्याचा हक्क क्रमांकाबाबतही राहतो. तो राहिलाच पाहिजे, कारण क्रमांकही अमर नसतात: जनगणनेने गावांना २००१ मध्ये आठ आकडी संकेतांक दिले, २०११ मध्ये सहा आकडी.

आराखड्याची खरी कसोटी पाहावयाची तर नार्वे येथे जावे. कदंब राजांनी ज्याचे नाव आपल्या नाण्यांवर कोरले तो सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरील नार्व्याचा. तेथील देऊळ पोर्तुगीजांनी पाडले. देव नदीपलीकडे डिचोली महालात आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आज त्या गावालाही नार्वेच म्हणतात. देव एक, देवळे दोन, गावे दोन, आणि गावांचे नाव पुन्हा एकच! एका घराच्या तक्त्यात हे कसे लिहावे? पाच वस्तूंना पाच क्रमांक द्या, प्रत्येकीची नावे लिहा, आणि त्यांचे नाते सांगा. मग शतकांचे स्थलांतर चार ओळींत स्पष्ट होते.

कोणी म्हणेल, हा विद्वानांचा कीस आहे, सुर्ल्याच्या माणसाला त्याचे काय? सुर्ला, पाळी, वेळगे या पट्ट्यात लोहखनिजासाठी डोंगर कापले गेले. २०१२ साली खाणी थांबल्या. डोंगर परत आले नाहीत. कापलेल्या टेकडीचे, आटलेल्या झऱ्याचे, मातीखाली गेलेल्या शेताचे नाव गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असेल तेवढेच. क्रमांक द्यावयास तेथे आता वस्तूच उरलेली नाही. जे उरले आहे ते नाव, आणि तेही सांगणाऱ्याच्या आयुष्याइतकेच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. क्रमांक अर्थहीन असावा आणि एकदा दिला की दुसऱ्या कशासही देऊ नये. नावांना हवी तेवढी घरे असावी. प्रत्येक नावापुढे भाषा, लिपी, काळ आणि ते कोणाच्या तोंडून वा कोणत्या कागदावरून आले हे लिहावे. कोणतेही नाव पुसू नये; चुकीचे ठरले तरी 'चुकीचे' असा शेरा मारून ठेवावे. आणि तक्ता भरावयास बसण्यापूर्वी नोंदकाराने गावात जाऊन वडीलधाऱ्यांस विचारावे. नकाशे वाट पाहतील. ती माणसे किती दिवस पाहतील?