पाणी दुधाळ झाले तर...

ईदीचे पैसे जमवून माझ्या भाच्याने क्रॉफर्ड मार्केटमधून काचेची लहान टाकी आणि पाच गोल्डफिश आणले. तिसऱ्याच दिवशी पाणी ताकासारखे पांढरे झाले. त्याने सगळे पाणी ओतून दिले, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासला आणि लगेच नवे पाणी भरले. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आठवड्यात तीन मासे मेले.

मी गोवंडीला गेले तेव्हा बहीण म्हणाली, "आपा, पहाटे उठून भरलेलं पाणी हा गटारात ओततोय." भाचा रडवेला झाला होता. "खाला, मी तर रोज स्वच्छच करत होतो!"

चूक तिथेच होती. टाकी भरताक्षणी पाणी गढूळ दिसले, तर वाळू-खडे नीट धुतलेले नसतात. पाणी हिरवे झाले, तर ऊन जास्त आणि शेवाळ वाढलेले. पण दोन-तीन दिवसांनी पांढुरके झाले, तर ते जिवाणू असतात. उरलेले खाणे आणि माशांची विष्ठा यांवर ते झपाट्याने वाढतात. हा पांढरेपणा स्वतः माशांना मारत नाही. बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत तो आपोआप जातो.

मारतो तो अमोनिया, आणि त्याला रंग नसतो. म्हणून पाणी नितळ दिसले तरी ते सुरक्षित असेलच असे नाही. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे वेगळे जिवाणू स्पंजवर आणि खड्यांवर हळूहळू वसतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन या जिवाणूंनाही मारते आणि माशांचे कल्लेही जाळते. भाचा रोज नेमके हेच करत होता.

मग करायचे काय? खाणे दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतके. फिल्टर सतत चालू. दर दोन-तीन दिवसांनी फक्त पाव टाकी पाणी बदलायचे, आणि नवे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलेले. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. साबण अजिबात नको. मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर मात्र त्याच दिवशी असे ठेवलेले पाणी घालून अर्धे पाणी बदलावे. नवीन टाकीत सुरुवातीला एक-दोनच मासे सोडावेत. गोल्डफिश तर मोठे होतात, त्यांना लहान टाकी पुरत नाही.

भाच्याने उरलेले दोन मासे असेच सांभाळले. दहाव्या दिवशी पाणी निवळले, तरी खाण्याचा डबा महिनाभर बहिणीनेच आपल्या ताब्यात ठेवला. टाकीतून काढलेले पाणी आता खिडकीतल्या मोगऱ्याला जाते. मोठ्या टाकीसाठी तो पुढच्या ईदीची वाट पाहतो आहे.