खेळाची पारख

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा ‘इंडस’ हा मोबाइलवरील खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वांस खुला झाला. तत्पूर्वी हौशी खेळाडूंनी त्याची ‘बीटा’ चाचणी केली होती. पर्वत पाटियातील आम्हां विद्यार्थ्यांनाही अशा चाचण्यांचा मोह पडतो. परंतु इतरांआधी खेळावयास मिळाले, एवढ्यातच धन्यता मानावी काय? खेळ कोठे अडला, कोणत्या फोनवर बंद पडला, हे नेमके टिपून कळविणे हेच परीक्षकाचे खरे कर्तव्य होय. आमच्या सुरतेत कापड तपासणाऱ्यास मजुरी मिळते; मग खेळ तपासणाऱ्यास निदान श्रेय तरी मिळावयास नको काय? मात्र अभ्यास सांभाळून, वडीलधाऱ्यांच्या संमतीने हे ज्यास साधत नाही, त्याने या वाटेस न जाणेच बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे.