खडखडाट म्हणजे झीज नव्हे

पिस्तूल हातात घ्यायचे, कानाजवळ नेऊन हलवायचे आणि खडखड ऐकू आली की ‘हे कामातून गेले’ असा निकाल देऊन मोकळे व्हायचे, ही परीक्षेची रीत जुनी आहे. या रीतीने चांगली वस्तू भंगारात जाते आणि बिघडलेली वस्तू बिनधोक म्हणून वापरात राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले कोल्ट कंपनीचे .४५ पिस्तूल घेऊ. अमेरिकन सैन्याने ते १९११ साली स्वीकारले. त्याआधीच्या चाचणीत ६,००० गोळ्या झाडूनही ते एकदाही अडले नव्हते. पुढे दुसऱ्या महायुद्धात टंकलेखन यंत्रे बनविणारी रेमिंग्टन रँड आणि रेल्वेचे सिग्नल बनविणारी युनियन स्विच अँड सिग्नल या कंपन्यांनीही ते तयार केले. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात कानस न लावता बसला पाहिजे, अशी सैन्याची अपेक्षा होती. अशी अदलाबदल हवी, तर भागाभागांत थोडी मोकळीक ठेवावीच लागते. धूळ-चिखलात यंत्र चालण्यासही तीच उपयोगी पडते. म्हणजे नवे कोरे पिस्तूलही थोडे खुळखुळणारच. त्याला झीज कसे म्हणावे?

शिवाय हा आवाज येतो कोठून? मुख्यतः वरची सरकती स्लाइड आणि खालचा मुठीचा सांगाडा यांच्यामधून. परंतु नेम धरण्याची पुढची माशी आणि मागची खाच ही दोन्ही स्लाइडवरच असतात. म्हणून नळी आणि स्लाइड यांचा मेळ पक्का असेल, तर सांगाडा थोडा ढिला असल्याने नेमात फारसा फरक पडत नाही. खरा प्रश्न असा की, प्रत्येक गोळीनंतर नळी स्लाइडमध्ये पुन्हा त्याच जागी येऊन बसते की नाही?

गोळी सुटते तेव्हा नळीच्या पाठीवरचे कंगोरे स्लाइडच्या आतील खाचांत अडकलेले असतात. नळी व स्लाइड मिळून थोडे मागे सरकतात. मग नळीखालची लिंक तिचे मागचे टोक खाली ओढते, कंगोरे सुटतात आणि स्लाइड एकटी मागे जाते. परीक्षा करावयाची ती या जागांची.

प्रथम मॅगझिन काढून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी. मग स्लाइड बंद ठेवून चेंबरचा वरचा भाग अंगठ्याने दाबावा. तो दबून पुन्हा वर आला, तर नळीला मागे आधार कमी पडतो आहे. तोंडाशी नळी बाजूला ढकलून पाहावी. तेथे प्ले असेल, तर बहुधा बुशिंग बदलून भागते. नंतर नळी काढून कंगोरे पाहावेत. त्यांच्या कडा दबून गोल झाल्या असतील, तर पिस्तूल मुळीच वाजत नसले तरी ते दुरुस्तीस द्यावे. शेवटी नळी स्वच्छ करून उजेडाकडे धरावी. आतल्या पेचदार खोबणींच्या कडा रेखीव आहेत काय, गंजाचे खड्डे आहेत काय, हे पाहावे. आत कड्यासारखी आडवी सावली दिसली, तर नळी फुगलेली असण्याचा संभव असतो. अडकलेल्या गोळीमागून दुसरी झाडली गेली की असे होते. ही नळी हातातच दगा देऊ शकते, आणि हलवून पाहणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

कोणी म्हणेल, स्पर्धेतील पिस्तुले तर गच्च असतात. खरे आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन सैन्याच्या नेमबाजी पथकातील कारागिरांनी याच पिस्तुलात हाताने नळ्या बसवून ती स्पर्धेस तयार केली. पण तशी नळी उचलून दुसऱ्या पिस्तुलात तशीच बसेल, याची हमी नाही. काम वेगळे, म्हणून माप वेगळे. शिवाय गच्चपणाही फसवा असू शकतो. नुसती लांब लिंक घालून नळी वर ढकलली, तर ती हाताला पक्की लागते, पण तिचा भार भलत्याच जागी पडतो.

अमेरिकन सैन्याने १९४५ नंतर ही पिस्तुले नव्याने बनवून घेतली नाहीत. १९८५ साली बेरेटाची निवड होईपर्यंत जुनीच दुरुस्त करून वापरली. केवळ खडखडाटावरून निकाल दिले असते, तर हे शक्य झाले नसते.

आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध एन. सी. सी.च्या .२२ रायफलीपलीकडे जात नाही. तरी लेथचे बेअरिंग असो वा पंपाचा शाफ्ट, प्रश्न हाच आहे. उद्यमबागेतील जाणता टर्नर ‘ढिले आहे’ एवढ्यावर थांबत नाही. कोठे ढिले आणि किती, हे तो गेज लावून सांगतो. आपल्या वर्कशॉपच्या प्रात्यक्षिकातही परीक्षकांनी हेच दोन प्रश्न विचारावेत, आणि ज्याला त्यांचे उत्तर देता येत नाही त्याचा ‘खराब’ हा शेरा ग्राह्य धरू नये.