तांबड्या शाईचे सोवळे

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपल्या मुलाची निबंधाची वही एकदा उघडून पाहा. वाचता येत नसले तरी चालेल. तांबडी शाई दिसतेच. पानावर नुसते गोल, फुल्या आणि खाली मास्तरांची सही असेल, तर त्या तपासणीने मूल काही शिकले नाही असे समजा.

हे पाप आम्हीही केले आहे. आमच्या झाडीबोलीत 'ण' नाही. येथे पाणी नव्हे, पानी पितात. चौथीतल्या एका मुलाने लिहिले की, पहाटे आईबरोबर मोह वेचायला गेलो, अस्वलाचे भ्या वाटले, टोपली भरल्यावर पानी प्यालो. आम्ही 'पानी'भोवती गोल काढला. अस्वलाविषयी एक शब्द विचारला नाही. पुढल्या वेळी त्या पोराने 'माझी शाळा' हा निबंध गाईडातून जसाचा तसा उतरून आणला. त्यात एक चूक नव्हती, आणि तो मुलगाही नव्हता. ज्याच्या घरी गोंडी वा माडिया बोलतात, त्यास तर हे गोल दुप्पट बोचतात.

हे सोवळे जुने आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. निबंधमालाकार चिपळूणकरांनी पुढे त्यांच्या व्याकरणाची टर उडविली. उलट जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला व तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. जेथे मुलीच्या म्हणण्यास किंमत असते, तेथेच असे लेखन जन्मास येते.

मग चुका तशाच ठेवाव्या काय? मुळीच नाही. २००६ च्या कायद्याखाली वनहक्काचा दावा करावयाचा, तर कागद नीट लिहिता आलाच पाहिजे. पण क्रम असा असावा. प्रथम मजकुराविषयी खरा प्रश्न: 'अस्वलाचे भ्या वाटले तेव्हा आई काय म्हणाली?' मग एकाच चुकीचा नियम: 'घरी पानी म्हण, अर्जात पाणी लिही.' शेवटी तेच पान पुन्हा लिहून घ्यावे. हे राहिले तर पहिली दोन्ही फुकट. त्या वेळी गुणही घालू नयेत. इस्रायलमधील रूथ बटलर ह्या बाईंनी १९८८ साली दाखविले की, नुसता शेरा मिळालेली मुले सुधारली. शेऱ्याशेजारी गुण घातले, तेव्हा तो लाभ उरला नाही. आकडा दिसल्यावर शेरा कोण वाचतो?

इतक्या वह्या अशा कशा तपासाव्या, असे आमचे मास्तरबंधू विचारतील. रोज पाचच तपासा. चाळीस सह्यांपेक्षा पाच प्रश्न बरे.

आणि आईबापांनो, मुलास त्याचे लेखन घरी मोठ्याने वाचावयास लावा. मग शाळेत येऊन एवढेच विचारा: "गुरुजी, आमच्या पोराने काय लिहिले?" आम्हांस उत्तर देता आले नाही, तर नापास आम्ही, तुमचे पोर नव्हे.