सांखळीची कुरकुर

घरांतील यंत्रें बहुधा एकाएकीं बंद पडत नाहींत. आधीं कित्येक दिवस तीं कुरकुरत असतात. तें ऐकणारा कान मात्र घरांत असावा लागतो. आमच्या घरीं असा कान आमच्या वहिनींचा आहे, हें आम्हांस गेल्या वर्षीं जरा उशिरानेंच कळलें.

आमचा पुतण्या रोज पहाटे मोटारसायकलीवर निलंग्यास नोकरीसाठीं जातो. पोळा होऊन गेल्यावर एके दिवशीं वहिनींनीं स्वयंपाकघरांतूनच त्यास विचारलें, "अरे, तुझी गाडी जात्यासारखी कां दळते आहे?" तो हंसून निघून गेला. आम्हींहि, "जुनी गाडी आहे, आवाज करावयाचीच," असें म्हणून वर्तमानपत्रांत डोकें घातलें. दिवाळीच्या सुमारास तो आवाज बोळाच्या टोकापर्यंत ऐकूं येऊं लागला. एका दुकानीं गाडी दाखविली, तेथें 'इंजिनकाम करावें लागेल' असें सांगण्यांत आलें. खर्चाचा आंकडा ऐकून पुतण्या गप्प झाला. कारण जवळजवळ तेवढीच रक्कम त्यानें धाकट्या बहिणीच्या फीसाठीं बाजूस ठेविली होती.

आमच्या पिढीच्या कानांस हा आवाज ओळखीचा नव्हता, त्यासहि कारण आहे. १९७२ सालीं आलेली बजाज चेतक आम्हीं पुष्कळ पाहिली. तिचें जुनें इंजिन टू-स्ट्रोक. त्यांत वायु आंत-बाहेर करण्याची वाट पिस्टन स्वतःच उघडतो व मिटतो; व्हॉल्व्ह नाहीं आणि त्यास हलविणारी सांखळीहि नाहीं. पुढें १९८५ सालीं हिरो होंडाची सीडी १०० आली व फोर-स्ट्रोक मोटारसायकल खेडोपाडीं पोंचली. टांकी भरावी, झांकण लावावें आणि विसरून जावें, अशा अर्थाची तिची जाहिरात वाचकांस आठवत असेल. ती गोष्ट पेट्रोलची होती. लोक मात्र इंजिनाचें ऑइलहि विसरूं लागले!

फोर-स्ट्रोक इंजिनांत खालचा क्रँक दोन फेरे फिरला म्हणजे वरचा कॅम एक फेरा फिरतो. म्हणून वरच्या दांतेरी चक्रास खालच्याच्या दुप्पट दांते असतात, आणि दोहोंस एक बारीक सांखळी जोडते. मिस्त्री लोक तिला 'टायमिंग चेन' म्हणतात. कॅमच्या योगानें व्हॉल्व्ह नेमक्या वेळीं उघडतात. वापरानें सांखळीच्या खिळ्या झिजतात व ती किंचित् लांबते. तो ढिलेपणा काढून घेण्यासाठीं 'टेन्शनर' असतो. आमच्या गाडींत तो सिलिंडरच्या मागल्या अंगास दोन बोल्टांनीं बसविलेला आहे. आंतल्या स्प्रिंगच्या जोरानें त्याचा दांडा पुढें सरकतो, एका पट्टीवर रेटतो व सांखळी ताठ राहते. हा दांडा पुढें जातो, पण नुसत्या दाबानें मागें येत नाहीं. स्प्रिंग थकली किंवा जुन्या ऑइलच्या गाळानें दांडा अडकला, म्हणजे सांखळी फटकारे मारूं लागते.

आयुर्वेदांत रोग जाणण्याचे पांच मार्ग सांगितले आहेत. त्यांत 'उपशय' म्हणजे सौम्य उपाय करून काय आराम पडतो तें पाहणें. आम्हीं तोच क्रम धरला. क्लच दाबल्यानें आवाज गेला नाहीं. तेव्हां दोष क्लचचा नसावा. गाडी उभी असतांहि आवाज होता. म्हणजे मागल्या चाकाची चेन निर्दोष. टॅपेटचा आवाज बारीक व नेमानें टिकटिकतो. हा थंड इंजिनांत मोठा आणि खडखडीत होता. नवें ऑइल घातलें, तेव्हां एक दिवस उतार पडला व पुनः होतें तसेंच झालें. मग लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक जपून टेन्शनरपाशीं टेकविलें व मूठ कानाच्या हाडास लाविली. वहिनींचें जातें तेथेंच फिरत होतें.

गांवांत आमचा एक जुना विद्यार्थी मिस्त्रीकाम करतो. त्यास बोलाविलें. तो म्हणाला, "गुरुजी, इंजिन उघडायची घाई नको, आधीं टेन्शनर काढून पाहूं."

रविवारीं इंजिन पूर्ण थंड असतां त्यानें डावीकडील मॅग्नेटवरची 'टी' ही खूण जुळवून पिस्टन वरच्या टोंकास आणला, व दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत याची खात्री केली. टेन्शनर बाहेर असतां इंजिन मुळींच फिरवावयाचें नाहीं, असें त्यानें पुतण्यास बजाविलें. सांखळी एखादा दांता जरी घसरली, तरी वेळ चुकते. अधिक घसरल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो, आणि मग इंजिनकाम खरोखरच टळत नाहीं.

काढलेल्या टेन्शनरचा दांडा अंगठ्यानें दाबतांच मागें गेला. स्क्रूड्रायव्हरनें आंत घेऊन सोडला, तर अर्ध्यावरच अडकला. निदान झालें! नव्या टेन्शनरचा दांडा आधीं आंत घेतला, नवें गॅस्केट घालून तो बसविला, व मगच दांडा सोडला. तसाच बाहेर आलेला दांडा बोल्टांनीं आवळला, तर सांखळी फाजील ताणली जाते व पट्टी झिजते. शेवटीं इंजिन हातानें पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा ताडून पाहिल्या, आणि मग किक मारली.

खर्च त्या आंकड्याच्या दशांशाइतकाहि झाला नाहीं. बहिणीची फी वेळेवर भरली गेली. मिस्त्रीनें मात्र खोटा दिलासा दिला नाहीं. नव्या टेन्शनरचा दांडा पुष्कळच बाहेर सरकला आहे, तेव्हां पुढें केव्हां तरी सांखळीच बदलावी लागेल, असें तो सांगून गेला.

पोळ्याच्या वेळींच वहिनींचें ऐकलें असतें, तर पुतण्यानें इतके आठवडे अंधारांत धोका पत्करून प्रवास केला नसता. आम्हीं तसें त्यांस सांगितलें. त्या म्हणाल्या, "भावजी, मला यंत्रांतलें काय कळतें? रोजचा आवाज तेवढा ठाऊक." आमच्या मतें निम्में निदान त्यांतच आहे. आतां भिंतीवरील कॅलेंडरांत ऑइल बदलल्याची तारीख लिहिली जाते, आणि ती वहिनी लिहितात.