पाणी बाटत नाही, दूषित होते

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील महिला मंडळाने वर्गणी काढून विहाराच्या अंगणात लहानग्यांसाठी फुगवायचे प्लास्टिकचे तळे आणले. तीन फूट रुंद, त्यात सहा इंच पाणी. लेकरे डुंबू लागली, आयाबहिणींचे चेहरे खुलले. संध्याकाळी पाणी ओतून देण्याची वेळ आली तेव्हा आम्हीच म्हणालो, "नळाला तासभर पाणी येते. शंभर लिटर पाणी कशाला ओतता? उद्या चालेल." तिसऱ्या दिवशी पाच मुलांना जुलाब सुरू झाले. एका चिमुरडीला सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला. आमचा हिशेब चुकला, हे कबूल केले पाहिजे.

पण त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. वस्तीत नव्याने राहायला आलेल्या एका मजुराचे पोर त्या पाण्यात उतरले होते. "त्याच्यामुळेच पाणी बाटले," अशी कुजबुज सुरू झाली. त्या पोराला तर जुलाबही झाले नव्हते!

बाटले? हा शब्द आपल्या तोंडी? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी दही, दूध, शेण आणि गोमूत्र ओतून तळे 'शुद्ध' केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, असे मानणारी ती बुद्धी आपण टाकून आलो आहोत.

पाणी दूषित होते ते घाणीने. कोणत्याही मुलाच्या अंगावर विष्ठेचा सूक्ष्म अंश राहतो, तो पाण्यात उतरतो आणि खेळता खेळता ते पाणी दुसऱ्याच्या पोटात जाते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उन्हाने व मळाने लवकर संपते. पाणी नितळ दिसले म्हणून ते स्वच्छ असतेच असे नाही.

म्हणून आता आम्ही असे ठरविले आहे:

१) मुलांनी आधी साबणाने आंघोळ करावी, मगच तळ्यात उतरावे.

२) जुलाब झालेल्या मुलाला बरे झाल्यावरही दोन आठवडे उतरवू नये. पाण्यात कोणी शी केली तर सर्वांना ताबडतोब बाहेर काढून पाणी ओतावे.

३) रोज खेळ संपताच तळे रिकामे करावे, साबणाने घासावे आणि उन्हात वाळवावे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ती कडेला चिकटतात, म्हणून घासणे महत्त्वाचे.

४) ब्लीचिंग पावडर अंदाजाने टाकू नये. जास्त पडली तर डोळे व कातडी जळते, कमी पडली तर उपयोग नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

५) एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर सतत बसलेले हवे. लहान मूल दोन-तीन इंच पाण्यातही बुडते, आणि बुडताना ओरडत नाही.

ओतलेले पाणी वाया जात नाही. ते बादल्यांनी संडासात, ओटा धुवायला आणि विहाराच्या पिंपळाला जाते.

पंधरा दिवसांनी तळे पुन्हा भरले. ज्या पोराकडे बोट दाखविले गेले होते, त्याचा हात धरून मंडळाच्या अध्यक्षाबाईंनी त्यालाच सर्वांत आधी पाण्यात उतरविले.

जयभीम!