टाकीतले शेवाळ आणि दादीची डबी

शेवाळ म्हणजे काय, हे खोपोलीकरांना समजावून सांगावे लागत नाही. आषाढ लागला की जिन्याच्या पायऱ्या, गच्ची, अंगणातल्या लाद्या सगळे हिरवे होते. ब्लीचिंग पावडर टाकायची, खराट्याने घासायचे आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. आता हे शेवाळ काही घरांत दिवाणखान्यातही आले आहे. क्रॉफर्ड मार्केटमधून खाऱ्या पाण्यातले मासे पिशवीत घालून खोपोली लोकलने आणायचे, घरी मीठ कालवून समुद्र तयार करायचा, असा शौक आपल्या मुलांना लागला आहे. शौक वाईट नाही. पण तीन-चार महिन्यांत टाकी हिरवी होते, घरात कुरबुर सुरू होते आणि मासे बिचारे मधल्या मध्ये अडकतात.

शिळफाट्याकडे राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी हेच चालले होते. तीन फुटी टाकी, साधारण दीडशे लिटर पाणी, दोन नारिंगी क्लाऊनफिश, काही गोगलगायी, एक कोळंबी. दगडांवर बोटभर लांब हिरवे केस वाढलेले. अब्बूंनी महिन्याची मुदत दिली होती : टाकी साफ झाली नाही तर विकून टाकायची. मुलाने शेवाळ मारायच्या औषधाची बाटली आणून ठेवली होती. आम्ही तिच्यावरचे बारीक अक्षर वाचले. औषधात तांबे होते. तांब्याने शेवाळ मरते, पण त्याआधी गोगलगायी आणि कोळंबी मरतात. शिवाय मेलेले शेवाळ जाते कुठे? तिथेच कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि त्याचेच खत होऊन नवे शेवाळ उगवते. बाटली तशीच बंद राहू दिली.

शेवाळ हवेतून येत नाही, ते खातेपिते. नायट्रेट आणि फॉस्फेट हे त्याचे अन्न, आणि ते टाकीत आपणच आपल्या हाताने घालतो. म्हणून आम्ही पहिला प्रश्न विचारला : माशांना खायला कोण घालते? मुलगा म्हणाला, ‘मी, सकाळ-संध्याकाळ.’ धाकटी बहीण शाळेतून आल्यावर घालत होती. अब्बू दुकान बंद करून आल्यावर चिमूटभर टाकत. आणि दादी? अम्मी हसून म्हणाल्या, ‘सर, त्यांचं विचारूच नका. मासे काचेजवळ आले की त्यांना वाटतं, भुकेलेच आहेत.’

दादींचे म्हणणे होते, ‘मुकं जनावर आहे. तोंड वर करून बघतंय, मग उपाशी कसं ठेवायचं?’

त्यांच्या मायेला नावे ठेवायला आमची जीभ रेटली नाही. आम्ही एवढेच दाखवले की माशाचे पोट इवलेसे असते. उरलेला दाणा दगडामागे पडतो आणि सडतो. त्यातून अमोनिया सुटतो. टाकीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. समुद्रात हे पसरायला जागा आहे, दीडशे लिटरमध्ये नाही. मग तोडगा निघाला. मुलाने रोज सकाळी एका छोट्या स्टीलच्या डबीत दिवसभराचे खाणे मोजून ठेवायचे, दोन मिनिटांत संपेल एवढेच, दोन वेळचे. ते दादींनीच घालायचे, बाकी कोणी हात लावायचा नाही. गोठवलेली कोळंबी घालायची असेल तर वाटीत वितळवून, गाळून, पाणी फेकून द्यायचे. दादी म्हणाल्या, ‘म्हणजे मीच घालणार ना? मग चालेल.’ आमच्या मते अर्धे शेवाळ त्या डबीने काढले.

दुसरी गोष्ट पाण्याची. टाकीतून रोज पाणी उडते, एप्रिल-मेमध्ये पंखा लावला तर जास्तच. उडते ते नुसते पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची आणि ते पाणी शुद्ध हवे. या घरात स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी घालत होते. टीडीएस मीटर बुडवला तर ७०. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडे नळाचे पाणी परत मिसळण्याची सोय असते. पिणाऱ्याला ते बरे, टाकीला नाही, कारण रोजच्या भरीने त्यातले सगळे आत साठत जाते. आरओच्या मेकॅनिकने मिसळणीच्या आधी एक वेगळी नळी काढून पुढे डीआय रेझिनची कांडी जोडली. आता आकडा शून्य येतो.

दिवे बारा तास चालू असत, पाहुण्यांना दिसावे म्हणून. ते आठ तासांवर आणले आणि खिडकीला पडदा लावला. दर रविवारी दहा टक्के पाणी बदलायचे आणि त्याच वेळी टूथब्रशने दगड घासत नळीने शेवाळ बाहेर ओढायचे. नुसते घासून आत सोडायचे नाही. उपटलेले शेवाळ बाहेर जाते, तेव्हा त्याने खाल्लेले नायट्रेटही बाहेर जाते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी यांनी हीच युक्ती मुद्दाम वापरली. वेगळ्या ट्रेमध्ये दिव्याखाली शेवाळ वाढू द्यायचे आणि ते खरवडून टाकायचे, म्हणजे मुख्य टाकी स्वच्छ राहते.

चरणारे प्राणीही हवेत. कॅरिबियन समुद्रात १९८३ साली काळ्या लांब काट्यांचे समुद्री साळिंदर रोगाने मेले, शंभरातले नव्वदहून अधिक. शेवाळ खाणारे मासे आधीच पकडून संपवलेले होते. जमैकाच्या प्रवाळांवर शेवाळाची गोधडी पसरली. पण दुकानदार सांगतो म्हणून तीन फुटी टाकीत टँग मासा घेऊ नये. त्याला पोहायला मोठी जागा लागते. गोगलगायी पुरतात.

नव्या टाकीत काचेवर तपकिरी भुकटी बसते, ती बहुधा आपोआप जाते. लाल चिकट पापुद्रा शेवाळाचा नसून जिवाणूंचा असतो. तिथे पाण्याचा प्रवाह वाढवावा. हिरवे फुगे दिसले तर टाकीत फोडू नयेत, अख्खे काढावेत. आणि नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर आणायच्या मागे लागू नये. तिथे डायनोफ्लॅजेलेट नावाचा याहून हट्टी पाहुणा येतो. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.१ च्या आत असले की पुष्कळ झाले.

शिळफाट्याच्या टाकीला अडीच महिने लागले. अब्बूंची मुदत दोनदा वाढली, दोन्ही वेळा दादींच्या शब्दावर. एका कोपऱ्यात थोडे हिरवे अजून आहे. गोगलगायी तिथेच असतात.

आता मुलाला पोवळे हवे आहे, म्हणजे जिवंत प्रवाळ. त्याला आम्ही कायदा दाखवला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली कडक सांगाड्याची सगळी प्रवाळे आणि समुद्रपंखे आले. ती समुद्रातून काढणे, विकणे, घरी ठेवणे गुन्हा आहे. समुद्रातून तोडून आणलेला ‘जिवंत दगड’ही घेऊ नये, कोरडा दगड पुरतो. प्रवाळ पाहायचेच असेल तर मालवण आहे. तिथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे आणि पाण्याखाली उतरून ते पाहता येते. मुलगा म्हणाला, ‘परीक्षा झाल्यावर जाऊ या, सर.’ दादींनाही यायचे आहे. डबी कोणाच्या हाती द्यायची, एवढे ठरायचे राहिले आहे.